कधीच रिलीज न झालेल्या गेम्सच्या कॅसेट-फ्लॉप्या सापडल्या तर काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

सुरुवातीलाच सांगून टाकतो, जुनी कॅसेट किंवा फ्लॉपी सापडली की ती लगेच लावून बघायची नाही. हात शिवशिवतात माहितीये, माझेही शिवशिवले होते. झालं असं की ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या डेसिबेल्स नावाच्या कंपनीने ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीच्या लायसन्सवर त्यांचा स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती कॉम्प्युटर इथे बनवून विकला होता, डीबी स्पेक्ट्रम, तो माझ्या मामाकडे होता आणि त्याने त्यावर बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत एक रिक्षाची गेम लिहिली होती, खड्डे चुकवत सवारी पोचवायची, बस. विकली कधीच नाही, चार-पाच मित्र सोडले तर कोणी खेळलंही नसेल. तेव्हा प्रोग्राम साध्या ऑडिओ कॅसेटवरच साठवायचे, त्याच्या त्या कॅसेट माळ्यावरच्या ट्रंकेत सापडल्यावर मी एक उचलली, घरातल्या जुन्या टेपमध्ये टाकली, प्ले दाबलं, आणि दहा सेकंदात सगळं रीळ गुंतून बाहेर. मामा काही बोलला नाही, नुसता हसला, पण मला रात्रभर झोप आली नाही.

रिलीज झालेल्या गेमच्या हजारो कॉप्या कुठे ना कुठे पडलेल्या असतात, एक खराब झाली तर दुसरी मिळते. न आलेल्या गेमची बहुतेक वेळा एकच कॉपी असते आणि तीही ज्याने लिहिली त्याच्या माळ्यावर नाहीतर गॅरेजमध्ये. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, अमिगा अशा घरगुती कॉम्प्युटर्सबद्दल, आणि जास्त करून ब्रिटनमधल्या गेम्सबद्दल आहे कारण या उद्योगात गेम अर्धवट राहणं तिथे रोजचंच होतं. पण आपल्याकडेही ट्रंका आहेत बरं का. १९८४ नंतर सरकारच्या क्लास प्रोजेक्टमध्ये शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश कॉम्प्युटर मिळाले होते, त्यावर एखाद्या सरांनी नाहीतर बाईंनी काही लिहिलं असेल तर ती फ्लॉपीही याच जातीतली.

आता काम. सगळ्यात आधी फोटो. कॅसेट, तिचं कव्हर, आतलं कार्ड, मागची पेन्सिलची अक्षरं, लेबलवर खोडून परत लिहिलेलं, सगळं, दोन्ही बाजूंनी, उजेडात. प्रत्येकीला नंबर द्यायचा, पण तो नंबर लेबलवर लिहायचा नाही, वेगळ्या पिशवीवर लिहायचा. लेबलवरचं "व्हर्जन ३ चालू", "हे नको", "रमेशला द्यायची" असलं काहीही फालतू वाटलं तरी जसंच्या तसं वहीत उतरवा, शुद्धलेखन सुधारत बसू नका. कुठली कॅसेट कुठल्या डब्यात कोणाच्या शेजारी होती हेसुद्धा लिहा, कारण नंतर एका डिस्कवरचं ग्राफिक्स आणि दुसरीवरचा कोड एकाच गेमचा आहे हे कधीकधी फक्त त्यावरूनच कळतं.

मग बुरशी बघायची. आपल्या हवेत, मुंबई-कोकणात तर विचारूच नका, चार पावसाळे माळ्यावर काढले की रिळावर पांढरट धाग्यांसारखं काहीतरी दिसायला लागतं. फ्लॉपीच्या खिडकीतून डिस्क हळू फिरवून टॉर्च मारून बघा, ठिपके किंवा ढगासारखे डाग दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही, एकतर ती जाईल आणि वर ड्राइव्हचं हेड घाण होऊन पुढच्या दहा फ्लॉप्यांना ओरखडे पाडेल. मास्क आणि ग्लोव्हज घाला, हे नाटक नाहीये, ती बुरशी नाकात जाते. सव्वापाच इंचीचं बाहेरचं पाकीट एका कडेने कापून आतली चकती काढतात, आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्केवालं, मेडिकलमधलं पाणी घातलेलं नको) मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसतात, पूर्ण वाळवतात आणि एखाद्या टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ पाकिटात घालून वाचतात. आधी एका निरुपयोगी फ्लॉपीवर दोनदा प्रॅक्टिस करा. कापडावर तपकिरी रंग उतरायला लागला तर थांबा, तो मळ नाही, डेटा उतरतोय.

कॅसेटमध्ये अजून एक भानगड असते. हेडच्या समोर रिळाला दाबून धरणारा छोटा फेल्टचा तुकडा असतो, त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग रीळ हेडला नीट टेकत नाही, आपल्याला वाटतं कॅसेट मेली. मेलेली नसते. स्क्रूवाली कॅसेट असेल तर दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या शेलमध्ये बसवा, दहा मिनिटांचं काम आहे, फक्त रिळाचा रस्ता कुठून कुठे जातो त्याचा आधी फोटो काढा. सिंक्लेअरच्या मायक्रोड्राइव्हच्या (हाही टेपवरच डेटा ठेवायचा) पिटुकल्या कार्ट्रिजमध्येही असाच पॅड असतो आणि तो तर हमखास खराब झालेला असतो.

रेकॉर्डिंगला घरातला खडखड टेप नको (बघा वर), एखादं बऱ्यापैकी डेक शोधा, रबर बेल्ट नवा टाका, हेड पुसा. डॉल्बी, म्हणजे डेकमधलं खरखर कमी करणारं बटण, बंद. कॉम्प्युटरच्या लाइन-इनमध्ये वायर लावून ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये घ्या, एमपीथ्री अजिबात नाही कारण एमपीथ्री माणसाच्या कानासाठी बारीकसारीक गोष्टी फेकून देतं आणि इथे ऐकणारा माणूस नाहीये. नॉइज रिडक्शनही नको. स्टीरिओमध्ये रेकॉर्ड करा आणि नंतर डावा किंवा उजवा, जो स्वच्छ असेल तो एकच चॅनल वापरा, दोन्ही मिसळून मोनो करू नका, हेड थोडं जरी तिरकं असेल तर दोन्ही चॅनल एकमेकांना खातात. हेडचा तिरकेपणा म्हणजे अ‍ॅझिमथ, हेडशेजारचा बारीक स्क्रू पाव वळसा इकडे-तिकडे फिरवायचा आणि आवाज जिथे सगळ्यात टोकदार, चिरका येतो तिथे थांबायचं. घरी रेकॉर्ड केलेली प्रत्येक कॅसेट ज्या मशिनवर केली त्याच्यासारखीच तिरकी असते, त्यामुळे हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कंटाळा येतो, करायचं.

ज्यांनी स्पेक्ट्रम वापरलाय त्यांना तो आवाज झोपेतही ओळखू येईल, आधी पाचेक सेकंद एकसुरी सूर, मग कर्कश खरखर. त्या खरखरीत शून्य म्हणजे छोट्या दोन पल्स आणि एक म्हणजे बरोबर दुप्पट लांबीच्या दोन पल्स, एवढंच आहे. आणि प्रत्येक ब्लॉकच्या, म्हणजे डेटाच्या तुकड्याच्या, शेवटी एक बाइट असतो जो आधीच्या सगळ्या बाइट्सचा एक्सऑर (बिट जुळवून बघायची एक साधी क्रिया) करून काढलेला असतो. ही आपल्या कामाची फार मोठी सोय आहे, कारण वाचलेला ब्लॉक बरोबर आहे की नाही याचा बऱ्यापैकी पुरावा कॅसेटवरच मिळतो, नाही जुळला तर स्क्रीनवर ते फेमस 'आर टेप लोडिंग एरर'. मामाच्या पाच कॅसेटपैकी एकीचा शेवटचा ब्लॉक मी अकरा वेळा वेगवेगळ्या अ‍ॅझिमथला रेकॉर्ड केला, नवव्या वेळी जुळला, घरात ओरडलो तर आई किचनमधून धावत आली. डब्ल्यूएव्हीपासून स्पेक्ट्रमसाठी टीझेडएक्स आणि कमोडोरसाठी टॅप फाइल बनवायला फुकट टूल्स आहेत, मेकटीझेडएक्स, ऑडिओटॅप वगैरे, पण मूळ डब्ल्यूएव्ही कधीच डिलीट करू नका, उद्या कोणाकडे तुमच्यापेक्षा चांगलं टूल असेल. आणि हो, बी साइड पूर्ण ऐका. मामाच्या एका कॅसेटच्या बी साइडला अर्धी गेम आणि त्यावरून पुढे रेडिओवरची भावगीतं भरलेली निघाली, ती आजीने भरली होती, भांडण आता कोणाशी करणार.

फ्लॉपीचं गणित वेगळं आहे. अमिगाची साडेतीन इंची फ्लॉपी दिसायला पीसीसारखीच, पण एका ट्रॅकवर (डिस्कवरच्या एका गोल पट्टीवर) ११ सेक्टर, म्हणजे तुकडे, एकूण ८८० केबी, आणि पीसीचा नेहमीचा कंट्रोलर ती वाचूच शकत नाही. म्हणून ग्रीझवीझल नावाचं एक छोटं बोर्ड घ्या, डिझाइन ओपन आहे, त्याला साधा पीसी फ्लॉपी ड्राइव्ह जोडायचा आणि ते सेक्टर-बिक्टर न बघता डिस्कवरचे चुंबकीय बदल जसे आहेत तसे टिपतं, याला फ्लक्स म्हणतात. फ्लक्स एकदा घेतला की त्यातून एडीएफ (अमिगाची डिस्क-इमेज), डी६४ (कमोडोरची), काय हवं ते नंतर बनवता येतं, उलटं करता येत नाही. प्रत्येक ट्रॅकचे निदान तीन फेरे घ्या. आणि आधी राइट प्रोटेक्ट, म्हणजे चुकून वर काही लिहिलं जायला नको! सव्वापाच इंचीला कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की प्रोटेक्ट, साडेतीनला खिडकी उघडी असली की प्रोटेक्ट, बरोबर उलटं आहे, दोनदा बघा. कमोडोरवाले पैसे वाचवायला फ्लॉपी उलटी करूनही वापरायचे, ती मागची बाजू पीसी ड्राइव्हला नीट जमत नाही कारण इंडेक्सचं भोक चुकीच्या जागी येतं, तिथे कमोडोरचा मूळ १५४१ ड्राइव्ह बरा पडतो. ड्राइव्ह कर्र कीं असा आवाज करायला लागला तर ताबडतोब थांबवा. आणि कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय वापरू नका प्लीज, तो म्हातारा झाला की पाच व्होल्टच्या जागी जास्त सोडतो आणि मशिनच्या रॅम चिप जाळून टाकतो, नवीन बनवलेला घ्या.

आता माझ्या मते या सगळ्यातला सगळ्यात भारी भाग. फाइल कॉपी करू नका, पूर्ण डिस्कची इमेज घ्या, आणि "ही तर रिकामी आहे" म्हणून कुठलीही फ्लॉपी बाजूला ठेवू नका. १५४१ वर फाइल डिलीट केली, कमोडोरच्या भाषेत स्क्रॅच केली, की ड्राइव्ह काय करतो तर ट्रॅक १८ वरच्या डिरेक्टरीत त्या फाइलच्या प्रकाराचा बाइट शून्य करतो आणि तेवढे ब्लॉक मोकळे झाले अशी नोंद करतो. झालं. डेटा जागच्या जागी. फाइल सुरू कुठे होते तेही डिरेक्टरीत तसंच पडलेलं असतं, आणि २५६ बाइट्सच्या प्रत्येक सेक्टरचे पहिले दोन बाइट पुढचा सेक्टर कुठे आहे ते सांगतात, म्हणजे मधे कोणी वर लिहिलं नसेल तर साखळी पकडत पकडत पूर्ण फाइल परत मिळते. दुकानातून आणलेल्या गेमच्या डिस्कवर सहसा असलं काही नसतं, पण ज्याने गेम लिहिली त्याची कामाची डिस्क म्हणजे कचऱ्याची बादली असते, जुने स्प्राइट (गेममधली हलणारी चित्रं), काढून टाकलेली लेव्हल, सोर्स कोडचे तुकडे, कधी पब्लिशरला लिहिलेलं पत्र. हेक्स एडिटरमध्ये (बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या टूलमध्ये) उघडून नुसतं वाचत बसा, कोडमध्ये लोक मित्रांना नमस्कार आणि बॉसला शिव्या लिहून ठेवतात. सोर्सबद्दल एक लक्षात ठेवा, ब्रिटनमधले बरेच प्रोग्रामर पुढे पुढे पीसीवर कोड लिहून वायरने स्पेक्ट्रम नाहीतर कमोडोरमध्ये पाठवायचे, त्यासाठी पीडीएस नावाची सिस्टिम खूप चालायची, त्यामुळे कमोडोरच्या गेमचा सोर्स शोधताना त्यांच्या पीसीच्या फ्लॉप्याही मागा.

आणि इतक्या वर्षांनी काय राहिलं असेल म्हणून सोडून देऊ नका. जॉर्डन मेकनरने प्रिन्स ऑफ पर्शिया १९८९ ला काढली, तिचा अ‍ॅपल टूचा सोर्स हरवलाय असं सगळे धरून चालले होते, २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना एका खोक्यात त्या फ्लॉप्या मिळाल्या आणि इंटरनेट आर्काइव्हचा जेसन स्कॉट आणि अ‍ॅपल टूचा जाणकार टोनी डियाझ यांनी बसून त्या वाचल्या. त्याच माणसाची डेथबाउन्स नावाची एक गेम कॉलेजात असताना पब्लिशरने नाकारली होती, ती २०२३ मध्ये लोकांना खेळायला मिळाली, कारण त्याने फ्लॉप्या आणि कागद दोन्ही टाकले नव्हते.

कागदांवरून आठवलं. गेम शोधायची सुरुवात कधीकधी उलट्या बाजूने होते, म्हणजे आधी नाव सापडतं आणि मग वस्तू. क्रॅश, झॅप ६४ अशी मासिकं स्कॅन केलेली मिळतात, त्यातल्या "लवकरच" वाल्या जाहिराती आणि प्रिव्ह्यू चाळा आणि आलेल्या गेम्सच्या यादीशी ताडून बघा. पण जाहिरात होती म्हणजे गेम होती असं समजू नका. अल्टिमेट प्ले द गेम या कंपनीच्या १९८४ च्या अंडरवर्ल्ड गेममध्ये (त्यांचं स्पेलिंग मुद्दाम वेडंवाकडं होतं) बाहेर पडायला तीन दारं होती, नाइट लोअर, पेंटाग्राम आणि मायर मेर. पहिल्या दोन गेम्स आल्या. मायर मेर आजपर्यंत आलेली नाही आणि नुसतं नाव पुढे गेलं म्हणून लोक कितीतरी वर्षं तिच्या कॅसेटची वाट बघत बसले. दुसऱ्या टोकाला पुटी स्क्वाड, सिस्टिम ३ या कंपनीची, अमिगावर १९९४ ला पूर्ण तयार, मासिकांनी खेळून मार्कसुद्धा दिले, आणि तरी अमिगावाल्यांना दुकानात मिळाली नाही, शेवटी कंपनीनेच २०१३ च्या डिसेंबरमध्ये फुकट सोडली. म्हणून प्रत्येक गेमच्या नोंदीत पुरावा काय तेवढंच लिहा, फक्त नाव दिसलं, की स्क्रीनशॉट दिसला, की कोणी खेळल्याचं छापून आलंय, की वस्तू हातात आहे. मासिकातला स्क्रीनशॉटही दुसऱ्याच मशिनचा किंवा नुसता चित्रकाराने काढलेला असू शकतो, रंग मोजा, स्पेक्ट्रमवर आठ बाय आठच्या एका चौकोनात दोनच रंग बसतात, तिसरा दिसला तर गडबड आहे.

कधीकधी गेम नसते पण ती बनत असतानाचं काहीतरी उरतं. लिव्हरपूलची इमॅजिन सॉफ्टवेअर १९८४ मध्ये बँडरस्नॅच आणि सायक्लॅप्स नावाच्या दोन मेगागेम्स काढणार म्हणून पानभर जाहिराती देत होती, सोबत जास्तीचं हार्डवेअर देणार, किंमत चाळीस पौंडांच्या आसपास, तेव्हाच्या साध्या गेमच्या कितीतरी पट. नेमकी त्याच वेळी बीबीसीची टीम आत शूटिंग करत होती आणि कॅमेऱ्यासमोरच जुलैत कंपनी बुडाली. बँडरस्नॅचच्या कल्पना पुढे ब्राटाकस नावाच्या गेममध्ये गेल्या. मेगागेम्स हातात आल्या नाहीत पण जाहिरात, ते फुटेज आणि ब्राटाकस एकत्र ठेवलं की काय बनणार होतं याचा अंदाज येतो, तेही जपणंच आहे.

माणसांशी बोलायचं काम मला सगळ्यात अवघड जातं. तेव्हा गेम लिहिणारे हे लोक आता साठीत-सत्तरीत आहेत, कोणी दुसऱ्याच धंद्यात गेलंय, आणि ज्या गेमवर वर्षभर रात्री जागून काम केलं आणि पैसे बुडाले तिच्याबद्दल अनोळखी माणूस "कोड आहे का" असं पहिल्याच मेलमध्ये विचारतो म्हटल्यावर उत्तर येत नाही, बरोबरच आहे. आधी तुम्ही कोण, ही गेम तुम्हाला कुठे दिसली ते दोन ओळीत, सोबत त्या जुन्या जाहिरातीचा स्कॅन. मग सोपे प्रश्न: मशिन कुठलं होतं, खोलीत अजून कोण बसायचं, बॅकअप कसा ठेवायचा? हा बॅकअपवाला प्रश्न विचारला की माणूस स्वतःच म्हणतो, अरे थांब, एक खोकं असेल बहुतेक. बोलणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारा. सांगितलेलं साल मासिकाशी ताडून बघा कारण चाळीस वर्षांनी सगळ्यांचीच सालं इकडची तिकडे होतात, पण त्यांना तोंडावर खोटं पाडू नका, दोन्ही लिहून ठेवा. इथल्या काका-मावशींकडे गेलात तर फोनवर मागू नका, घरी जा, चहा घ्या, खोकं त्यांच्यासमोर उघडा आणि तिथेच लॅपटॉपवर कॉपी करता आली तर कॅसेट घरातून हलवूच नका. नाही म्हणाले तर नाही, पण टाकू नका एवढी विनंती करा.

हक्कांचं थोडक्यात. गेम रिलीज झाली नाही म्हणून ती बेवारस होत नाही. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं आणि ब्रिटनमध्ये ७० वर्षं कॉपीराइट राहतो आणि प्रोग्राम कायद्याने साहित्यातच मोडतो. कंपनी बुडाली तरी हक्क कोणीतरी विकत घेतलेले असतात. जपायला कॉपी काढून ठेवणं आणि सगळ्यांना डाउनलोडला देणं यात फरक करा, लिहिणाऱ्याची परवानगी मेलवर लेखी घ्या आणि विकायच्या फंदात तर पडूच नका. स्वतःला झेपत नसेल तर केंब्रिजचं सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्ट्री, अमेरिकेत रॉचेस्टरचं द स्ट्राँग अशी म्युझियम्स आहेत, त्यांना मूळ वस्तू आणि कागद दिलेले चालतात.

फाइल्स ठेवताना प्रत्येकीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहा, सोबत कुठल्या मशिनवर, कधी, कोणी वाचली तेही. तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. पेनड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकलं म्हणजे जपलं असं होत नाही, वर्षातून एकदा चेकसम परत चालवून बघा. गेम फ्यूज, व्हाइस नाहीतर विनयूएई या एम्युलेटरमध्ये (जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवून खेळतानाचा व्हिडिओही घ्या, शक्य असेल तर ज्याने लिहिली त्यालाच खेळायला बसवून, तो खेळता खेळता जे बडबडतो ते कुठल्याच फाइलमध्ये नसतं. मामा म्हणाला या वळणावर रिक्षा अडकते, तो बग आहे, सुधारायचा राहिला. मी सुधारला नाही, तसाच ठेवलाय.

आणि जी वाचली जात नाही तीही ठेवा. मामाची तीन नंबरची, म्हणजे मी गुंतवलेलीच, रीळ सरळ करून नव्या शेलमध्ये घातलीये, मधला साधारण हातभर तुकडा चुरगळलेला आहे त्यामुळे एक ब्लॉक जुळत नाही. सिलिका जेलची पुडी टाकून डब्यात आहे, वर मोठ्या अक्षरात लिहिलंय "टाकू नये, वाजवू नये".